कालिंदीबाईंची मुद्रणप्रत

मार्गशीर्षातली सोनसळी, शीतल, संथ संध्याकाळ. वेंगुर्ल्याच्या खाडीवर केशरी किरणं निथळत होती आणि माडांच्या सावल्या लांबत लांबत अंगणात आल्या होत्या. या वेळेला कालिंदीबाईंच्या हाताला आता काही काम नसे.

पूर्वी ही वेळ मुद्रणप्रतीची. जनार्दनराव केळुसकर कथा लिहीत. खाडाखोडीनं काळवंडलेली, बाणांनी घायाळ, समासात सांडलेली. आणि कालिंदीबाई, त्यांची पत्नी, ती प्रकाशकासाठी सुवाच्य अक्षरात उतरवून काढत. श्यामल शाई, शुभ्र कागद, आणि मध्येच त्यांचा मृदू स्वर, "अहो, हे असं कसं हो?"

लेखकमहाशय चिडत. "कथा मी लिहितोय ना?" म्हणत. आणि चहा निवायच्या आत वाक्य बदलत. खरा संसार तो होता. स्वयंपाक, मुलं, पैपाहुणे सारं त्याच्या अवतीभवती.

मग कालिंदीबाईंची बोटं संधिवातानं वाकली. अक्षर उमटता उमटता त्यांच्या कपाळावर उमटणारी वेदना जनार्दनरावांना बघवेना. त्यांनी मुलीकडून मोबाइल शिकून घेतला. आता ते बोलत आणि अक्षरं आपसूक उमटत. न अडखळणारी, न थकणारी, न विचारणारी अक्षरं. "तुझ्या हाताला त्रास नको," ते म्हणाले. प्रेमानं केलेलं म्हणून कालिंदीबाईंना रडताही येईना.

आज दुपारी नवी कथा बोलून झाली आणि चहाआधी मोबाइलवरूनच जगभर पोचलीही. ना पाकीट, ना पोस्टमन, ना ती गोड, जीवघेणी प्रतीक्षा. पडद्यावर जोडलेले हात आले, फुलं आली. "अगं, दुबईहून अभिप्राय आलाय," जनार्दनराव हरखून म्हणाले. मग त्यांनी ती कथा पत्नीला वाचून दाखवली, सगळ्यांच्या शेवटी.

कथेत याच किनाऱ्यावरची सांजवेळ होती. नायिकेनं गावाचा निरोप घेतला, आणि पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून वर आला.

कालिंदीबाईंचे ओठ हलले. पण कथा तर केव्हाच गेली होती. दूर, दूर, माणसामाणसांत. त्यांनी ओठ मिटले.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत नुसतं एवढंच त्या कधी म्हणाल्या नव्हत्या.

अंधारलं. मागीलदारचा दिवा लावायला जनार्दनराव उठले, आणि उंबऱ्यातच थबकले. डोंगरामागून पिवळा, परिपूर्ण, निःशब्द चंद्र वर येत होता. किनाऱ्यावरच्या या गावात तो जन्मभर तिथूनच आला होता. समुद्रात तो फक्त मावळायचा.

"तुला कळलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, आता माझं काम नाही ते."

 जनार्दनरावांनी मोबाइल उचलला, एक बोट फिरवलं, आणि कथेतला समुद्रातला चंद्र क्षणात डोंगरामागे गेला. पान पुन्हा उतरवावं लागलं नाही. खोडल्याची खूणसुद्धा राहिली नाही.

ते तिच्याजवळ येऊन बसले. खिडकीतून चांदणं आलं. तिच्या मांडीवर, तिच्या मिटलेल्या तळव्यावर, तिच्या वाकल्या बोटांवर, हळूहळू, कोरं, कोरं, उतरत राहिलं.