पश्चिमेची खिडकी

“पास लिही आणि मोकळा हो,” साहेब म्हणाले. “बेरीज जुळतेय ना?”

बेरीज जुळत होती, हीच तर रड होती. बांधण्याआधीच इमारत किती तापेल ते सांगणारं सॉफ्टवेअर कंपनी विकायची आणि ते तपासण्यात त्याची एकोणीस वर्षं गेली होती. तपासणीसाठी संगणकात एक खोली होती. चार भिंती, एक खिडकी, माणूस नाही. आज त्यानं खिडकी पश्चिमेला फिरवली आणि पहिल्यांदाच दिवसभराच्या उष्णतेच्या बेरजेवर न थांबता तासातासाचे आकडे काढले. खोली सकाळी नऊलाच तापत होती. सॉफ्टवेअरनं पूर्व-पश्चिमेची अदलाबदल केली होती; दिवसभराची बेरीज दोन्हीकडे सारखीच, म्हणून चूक दिसत नव्हती.

मग त्यानं मागची आवृत्ती उघडून पाहिली; तिच्यातही तीच चूक होती. तेव्हा नुसती बेरीज पाहून त्यानं सही ठोकली होती. तो राहायचा त्या इमारतीचा हिशेब त्याच आवृत्तीवर झालेला. छज्जे पूर्वेला लागले, पश्चिम उघडी राहिली. पश्चिमेची खोली आईची होती.

“अरे, संध्याकाळी इथं जीव नकोसा होतो,” ती म्हणायची.

“आई, घरात सगळ्यांत गार खोली तुझी आहे. मी स्वतः तपासलंय. वय झालं की असं वाटतं.”

तो घरी यायचा आठला, खोली निवल्यावर. दोन उन्हाळे ती सांगत राहिली, तिसऱ्यात गप्प बसली. चौथा तिनं पाहिला नाही.

“नापास लिहितोय,” तो म्हणाला.

“मग आधीच्या पासवर सही कुणाची, ते विचारतील.”

“माझी.”

“वरातीमागून घोडं!” साहेबांनी कागद ओढून घेतला. “घरी जा तू. सही दुसरा कुणी करेल.”

पाच वाजता त्याला दारात बघून बायको हसली. “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!”

तो आईच्या खोलीत गेला. “तिची खुर्ची कुठाय?”

“बाथरूमसमोरच्या गार बोळात. त्या गेल्यावर मी तिथंच ठेवली. आई संध्याकाळभर तिथंच बसायच्या. तुमची गाडी वाजली की खुर्ची उचलून परत खोलीत ठेवायच्या.”

“का?”

“म्हणायच्या, त्याला वाईट वाटेल.”

तो पश्चिमेच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला. भिंत भाजत होती. बायकोनं दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही.