एकटी मासोळी व्याली

कोकोच्या बिया वाळवायच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबलावर काचेची बरणी. बरणीत एकच करडी मासोळी आणि तिच्याभोवती भिरभिरणारी, नुसते डोळेच दिसावेत एवढीशी पिल्लं.

"मोजा रे, मोजा!" पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या सावरत उपदेशक बंधू क्रिसान्तो ओरडला. "दोन महिने बरणी तुमच्या डोळ्यांसमोर आहे. आत नर गेला? नाही! तरी दोनदा व्याली. पवित्र मारिया माझ्या हातून माशाला लेकरं देते, तर तुम्हाला देणार नाही?"

बायका रांगेने पुढे होत आणि बरणीतलं चमचाभर पाणी डोळे मिटून पीत.

मागे उभा असलेला एलेउतेरियो मनाशी हसला. हिवताप खात्यात तेहतीस वर्षं तो पारियाच्या किनाऱ्यावर गावोगावच्या टाक्यांत गप्पी मासे सोडत हिंडला होता. पण रांगेत त्याला त्याची धाकटी बहीण लिओकादिया दिसली आणि त्याचं हसू मावळलं. एक्केचाळीस वर्षांची, लग्नाला बारा वर्षं होऊन मूल नाही. आता पोट पुढे आलं होतं आणि लोक तिला वाट करून देत होते.

तो तिच्यामागोमाग घरी गेला. मक्याची धिरडी तिने तशीच बाजूला सारली. दंड काटकीसारखे झाले होते.

"जेवत का नाहीस?"

"पोटात बाळ असल्यावर कुणाला अन्न जातं?"

"लिओकादिया, जन्मभर मी हेच बघत आलो. गाभण मासोळी खालच्या अंगाने भरते, शेपटीकडचा काळा ठिपका गडद होत जातो आणि तिला खा-खा सुटते. आजारी मासोळीही फुगते. पण ती कोपरा धरते, खाणं सोडते, खवले ताठ उभे राहतात. मला तुझी काळजी वाटते गं. शहरातल्या डॉक्टरकडे चल."

"आता मला मासोळीच्या ओळीत बसव! डॉक्टरचा हात लागला की कृपा जाते, बंधूंनी बजावलंय."

"बंधूंनी! ती मासोळी मीच दिली त्याला. डास होतात म्हणाला. पण काळ्या ठिपक्याचीच मादी हवी म्हणून अडून बसला. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी. अगं, मादी एकदा नराजवळ राहिली की त्याचं बीज पोटात साठवते. मग महिनोन्‌महिने एकटी असली तरी वीत राहते."

लिओकादियाने धिरड्यांवर ताट झाकलं. "तर दाखव. तुझी मासोळी त्यांच्या आशीर्वादाशिवाय दोनदा व्याली, तर येईन मी."

दुसऱ्याच दिवशी एलेउतेरियोने अंगणात दोन बरण्या ठेवल्या. तोंडाला फडकी बांधली, गाठी गावकऱ्यांकडूनच मारून घेतल्या.

"ही टाकीतली गाभण. हिला कुणी आशीर्वाद द्यायचा नाही. ही दुसरी पिल्लू असतानाच वेगळी काढलेली, हिने नर पाहिलेला नाही. बंधू, ही तुमची. हवी तेवढी प्रार्थना करा."

लोकांदेखत नाही म्हणायची क्रिसान्तोची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी पहिली व्याली. आई पिल्लं गिळते, म्हणून एलेउतेरियोने सर्वांसमोर गाठ सोडून पिल्लं पाणवनस्पतीच्या घंगाळात हलवली, उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीने चुरून घातला, बरणीची गाठ पुन्हा गावकऱ्यांकडून मारून घेतली आणि बहिणीकडे धावला.

"झालं ना? चल आता."

"दोनदा म्हणाले होते मी."

पुढचे सव्वीस दिवस त्याला सरता सरेनात. उबेने माशाचे दिवस लवकर भरतात म्हणून तो बरणी सकाळच्या उन्हात सरकवी आणि वाकून ठिपका बघत बसे. तिकडे लिओकादियाचे पाय सुजले. दोन पावलांत तिला धाप लागू लागली. उचलून नेतो म्हटलं, तर तिने दार लावून घेतलं.

सत्ताविसाव्या दिवशी बरणीत पुन्हा पिल्लं होती. क्रिसान्तोने महिनाभर हात ठेवलेल्या बरणीत मात्र मासोळी एकटीच होती.

"तुमची श्रद्धा कमी पडली!" क्रिसान्तो गरजला.

"आमची की माशाची?" मासळीवाली एउदोसिया मावशी म्हणाली. कुणीतरी हसलं, मग सगळेच. दुपारच्या बसने बंधू पसार झाला.

लिओकादिया हसली नाही. "चल," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी एलेउतेरियोला बाहेर बोलावलं. "बीजकोशाची गाठ आहे. सगळीकडे पसरलीय, पोटात पाणी झालंय. सुरुवातीलाच आणायला हवं होतं."

"आणि बाळ?"

"बाळ नव्हतंच."

ते लिओकादियाला त्यानेच सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तीन झबली शिवली होती रे मी." अकराव्या दिवशी ती गेली.

ती गेल्यावर नऊ दिवस घरी प्रार्थना चालली; शेवटच्या प्रार्थनेनंतर बायका कॉफीचे पेले घेऊन बसल्या होत्या. एलेउतेरियो उठून उभा राहिला.

"माझ्या बहिणीला गाठीने मारलं, पण आधी तिला दारात अडवून ठेवलं ते त्या माणसाने. आणि माशाची वाट बघत मीही महिना घालवला, तो मला जन्मभर पुरेल. तुम्ही देवाला हात जोडा, मी अडवत नाही. पण देवाचं नाव घेऊन कुणी म्हणालं, डॉक्टरकडे जाऊ नका, विचारू नका, तपासू नका, तर तिथेच ओळखा. खऱ्याला तपासणीचं भय नसतं."

बरणीचं पाणी प्यायलेली, अंगणाच्या कडेला बसलेली ओतिलिया हळूच उठली. तिने पेला खाली ठेवला.

"काका, माझे तीन महिने चुकलेत. मध्येच पोटात कळ येते. शहराची बस किती वाजता असते?"

"सहाला," एलेउतेरियो म्हणाला. "मी येतो बरोबर."