जोकर आणि जजच्या मधलं पान

मित्रांनो, शाळेच्या लोखंडी कपाटात, खडूच्या खोक्यांशेजारी, पाठ उसवलेला एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश तुम्ही पाहिला असेल. तोच मी. वालूरच्या पलीकडे, एसटी दिवसातून दोनदाच येते अशा एका लहानशा गावात माझी सारी उमर गेली. लोक मला खरं बोलणारा समजतात. म्हणूनच एक गोष्ट तुमच्यापुढे कबूल करायची आहे. माझ्यामुळे एकदा खरं खोटं ठरलं.

बन्सीधर गुरुजींनी मला परभणीच्या दुकानातून आणलं, खाकी कव्हर घातलं आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं, "ह्यात नाही तो शब्द इंग्रजीतच नाही." माझ्याहून जाड कोश जगात पुष्कळ आहेत हे मला ठाऊक होतं. तरी ते वाक्य मी छातीशी धरलं. कौतुक कोणाला नको असतं? माझ्या अपराधाची सुरुवात तिथंच झाली, असं आता वाटतं.

गुरुजी निवृत्त झाले आणि बरीच वर्षं मी धूळ खात पडलो. मग नीलम मॅडम आल्या. शनिवारी सकाळच्या शाळेत त्या शब्दांचा खेळ घेऊ लागल्या. बिस्किटाच्या डब्यातून इंग्रजी अक्षरांच्या तीन चिठ्ठ्या काढायच्या आणि ती तिन्ही अक्षरं असलेला शब्द सांगायचा. शब्द माझ्यात सापडला तर गुण, नाही तर बाद. शुक्रवारी मी पाळीपाळीनं एकेका मुलाच्या घरी मुक्कामाला जायचो.

त्या शुक्रवारी पाळी होती राजेश्रीची. दुसऱ्या दिवशी तिचा आणि धम्मदीपचा शेवटचा डाव होता. जिंकेल त्याचं नाव तालुक्याच्या स्पर्धेला जाणार होतं. पोरीनं ही बातमी जिंतूरच्या मामापर्यंत पोचवलीसुद्धा होती. संध्याकाळी माझी पानं चाळताना ती एकदम ओरडली, "आज्जे, आपली ज्वारी हितं बी हाय! जोवार म्हनतेत इंग्रजीत!"

"आसंल की माय," चुलीपुढून तिची आजी म्हणाली. "त्यायला बी भूक लागतीच ना."

आजीचं नाव बायनाबाई. सोमवार, शनिवार, एकादशी, एकही उपास कधी चुकवला नाही. अक्षरओळख मात्र नव्हती. शनिवारी उजाडताच त्या मारुतीचा अंगारा घेऊन आल्या. नात न्हाणीत होती. मी कालच्याच पानावर उघडा पडलो होतो. पुडी बांधायला कागद हवा होता.

"एवढ्या जाड पुस्तकाला एका पानाचं काय," असं पुटपुटत त्यांनी ते पान अलगद काढलं.

मित्रांनो, मला दुखलंसुद्धा नाही. उलट देवाच्या कामी आलो म्हणून मी सुखावलो. नात आवरून आल्यावर पुडी तिच्या खिशात घालून त्या म्हणाल्या, "आता उघडू नकू. शाळंतून आलीस की लावू कपाळाला."

वर्गात दोघांचे गुण बरोबरीत आले. राजेश्रीच्या चिठ्ठ्या निघाल्या: जे, डब्ल्यू आणि आर. तिचा चेहरा उजळला. "जोवार, मॅडम!"

वर्ग खो-खो हसला. मागून भुजंग ओरडला, "मंग पिठलं बी इंग्रजीच आसंल!"

मॅडमनी मला उघडलं. डावीकडे शेवटी जोकर होता, उजवीकडे सुरुवातीलाच जज. मधलं पान नव्हतं. मॅडमचं बोट एकावरून दुसऱ्यावर गेलं आणि थांबलं. पानांच्या आकड्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. माझ्यावर त्यांचा तेवढा भरवसा होता.

"नाही गं इथं."

"हाय मॅडम. म्या काल वाचलाय."

"राजेश्री, हरलं तर चालतं बाळा. खोटं बोलू नये."

फळ्यावर तिच्या नावापुढे 'बाद' लिहिलं गेलं. ते पान तिच्याच खिशात होतं. तिच्यापासून वीतभर अंतरावर. हे मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. मला तोंड नाही, हे खरं. पण त्या दिवशी माझं गप्प राहणंच साक्ष ठरलं.

सोमवारी राजेश्री मान खाली घालून बसली होती. मॅडमनी दोनदा विचारलं, तर तिनं वहीच पुढ्यात ओढली. तेवढ्यात डोक्यावर पदर घेतलेल्या बायनाबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मुठीत तेच पान होतं, घड्यांमध्ये राख माखलेलं.

"मॅडम, पान म्या फाडलं. अंगारा बांधला त्यात. घरी पुडी सोडली तवा हिनं वाचलं. तुमाला सांग म्हनलं तर सांगंना. आज्जीला समदे हसतेल म्हनती. दोन दिस झाले, धड जेवली न्हाई." त्यांनी पान मॅडमपुढे धरलं. "आज माझा सोमवार हाय. गुन्हा माझा हाय, लेकराचा न्हाई."

कोणी हसलं नाही. धम्मदीप उठला, पान हातात घेऊन त्यानं मोठ्यानं वाचलं, "जोवार. ज्वारी, एक धान्य." मग हळूच म्हणाला, "मॅडम, हिलाच जाऊ द्या की."

मॅडमनी तिथल्या तिथं तालुक्याला फोन लावला. यादी शनिवारीच बंद झाली होती. त्यांनी फळ्यावरचं 'बाद' हातानंच पुसलं आणि साऱ्या वर्गासमोर म्हणाल्या, "चुकले मी, राजेश्री."

तालुक्याला धम्मदीप गेला. राजेश्री त्याला एसटीपर्यंत सोडायला गेली होती म्हणे. मी कपाटातच होतो.

पान पुन्हा डिंकानं चिकटवलंय. ज्वारीच्या शब्दावर अंगाऱ्याचा डाग तसाच आहे. मित्रांनो, माझी पानं जपा, हे तर मी म्हणणारच. पण मी एखाद्याला 'नाही' म्हणालो, तर त्याला खोटा ठरवण्याआधी माझी पानं एकदा मोजा. मीही कुठं तरी फाटलेला असू शकतो.

राजेश्रीच्या घरी पाळी आली की शनिवारी सकाळी मी पाहतो. बायनाबाई पुडीसाठी रद्दीचा कपटा घेतात, पण आधी तो नातीपुढे धरतात. "वाच गं माय. कोनाचं काई हाय का ह्यात?"

तुम्हीही तेवढं विचारत जा.