पोडी पांढरी नव्हती

“आता जे सांगणार आहे, त्यावर या अख्ख्या चेन्नईत एक माणूस विश्वास ठेवणार नाही. लावा पैज!” तुकोजीरावांनी वेताच्या खुर्चीच्या हातावर थाप मारली.

आत स्वयंपाकघरात धनलक्ष्मीबाई चण्याच्या सुंडलावर खोबरं पेरत होत्या. त्यांनी तशाच हाताने कपाळ बडवून घेतलं आणि भुवईला कीस चिकटला. लग्न झाल्यापासून हा माणूस हीच पैज लावत आला होता आणि आजवर एकदाही हरला नव्हता. हरणार कसा? त्याच्यावर विश्वास ठेवतो कोण!

वेस्ट मांबलमच्या त्या इमारतीत नवरात्र म्हणजे घरोघर कोलू. पायऱ्या मांडायच्या, त्यांवर धुवट वेष्टी, म्हणजे धोतर, ताणून अंथरायची, देवदेवता, दशावतार, लग्नाची वरात, वाण्याचं दुकान अशा मातीच्या बाहुल्या ओळीने बसवायच्या. मग रोज संध्याकाळी बायकांनी एकमेकींकडे जायचं, बाहुल्यांपुढे एखादं गाणं म्हणायचं, हळदकुंकू, विडा आणि द्रोणभर सुंडल घेऊन पुढचं दार वाजवायचं. तंजावरच्या मराठ्यांनी हे कधीचं आपलंसं केलेलं. तुकोजीराव तर सांगत की कोलू मुळात आमच्याच खापरपणजोबांनी तमिळ लोकांना शिकवला. पण ती थाप जुनी झाली. तिला आता घरातली पालसुद्धा चुकचुकत नसे.

कोलूचे दोन नियम धनलक्ष्मीबाई सासूकडून शिकल्या होत्या. दर वर्षी एक तरी नवी बाहुली बसवायची. आणि एकदा पायरीवर बसलेली बाहुली विजयादशमीपर्यंत हलवायची नाही. त्या रात्री एकीला आडवी करून निजवायचं, मगच आवरायला घ्यायचं.

या दुसऱ्या नियमानं यंदा त्यांचा घात केला. पहिल्या दिवशी त्या न्हायला गेल्या असताना तुकोजीरावांनी मैलापूरहून आणलेली नवी बाहुली तिसऱ्या पायरीवर, थेट वामनाच्या शेजारी बसवून टाकली. मातीची मांजर. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, गळ्यात गुलाबी फीत, आणि उंचीला वामनाच्या दुप्पट.

“हे काय?” केस पुसता पुसता धनलक्ष्मीबाई थबकल्या.

“पोडी.”

“पोडी पांढरी नव्हती!”

“स्वर्गात गेल्यावर रंग उजळतो.”

“अय्यो, उतरवा ते!”

“आता कसं उतरवणार? बसली की,” तुकोजीराव साळसूदपणे म्हणाले. “तुझ्या सासूचाच नियम.”

धनलक्ष्मीबाईंनी ओठ चावला. पोडी इडलीवरच्या तिखट पुडीच्या रंगाची होती; तांबूस, मधे मधे काळे कण. त्या पुडीला इथे पोडी म्हणतात, म्हणून तिचं नाव पोडी. मे महिन्याच्या उन्हात धनलक्ष्मीबाई ब्लाउजचं अस्तर आणायला टी. नगरला गेल्या होत्या. साड्यांच्या दुकानांमागच्या गल्लीत, फेकलेल्या प्लास्टिकच्या ढिगातून कुणीतरी दार करकरल्यासारखं ओरडत होतं. त्यांनी हात घातला तर मुठीएवढं पिल्लू निघालं, एक डोळा चिकटलेला. कुणाच्या तरी लग्नात मिळालेल्या पिवळ्या पिशवीत अस्तर अंथरून त्यांनी ते घरी आणलं. अस्तर गेलं ते गेलंच. ब्लाउज अजून शिवायचा आहे.

उन्हाळ्यात आलेली पोडी आडी महिन्यात, म्हणजे आषाढ सरता सरताच, गेलीसुद्धा. तिचं आयुष्य म्हणजे एवढंच. आणि एवढंच कुणाला तरी नीट, जसं होतं तसं सांगावं, अशी धनलक्ष्मीबाईंची साधी इच्छा होती. मुलगा दूर सिंगापूरला. फोनवर सांगायला गेल्या तर तो म्हणाला, “अम्मा, दुसरी आण ना.” इमारतीतल्या लोकांना वाटे, मांजरच ते. नवरात्रात माणसं घरी येतील, बसतील, विचारतील, तेव्हा सांगू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

माणसं आली, बसली, त्यांनी विचारलंही. पण कोलूच्या दिवसांत घरच्या बाईला बसायला कुठलं मिळतं? एकीला कुंकू लावावं तर दुसरी दारात. विडा द्यावा तर सुपारी संपलेली. आणि वेताच्या खुर्चीत, पांढऱ्या मांजरीच्या बरोब्बर शेजारी, तोंड सोडलं तर दुसरं काही काम नसलेले तुकोजीराव.

पहिल्या संध्याकाळी पोडी टी. नगरच्या सोनाराच्या दुसऱ्या मजल्यावरून तोंडात हिऱ्याची कुडी घेऊन धावत्या बसच्या टपावर उडाली. धनलक्ष्मीबाई आतून ओरडल्या, “तिला सोफ्यावर चढता येत नव्हतं! माझ्या साडीला लोंबकळायची ती!” पण मिक्सर चालू होता.

पुढल्या संध्याकाळी पोडी रोज एकटी मांबलम स्टेशनवर जाऊन तुकोजीरावांना आवडी गावाहून येणाऱ्या गाडीवरून उतरवून घेऊ लागली. तुकोजीराव आवडीच्या रणगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्याला जमाना लोटला होता, ते असो.

“अंकल, आवडीची गाडी मांबलमला येतच नाही,” शेजारची रंजनी म्हणाली. ती रोज त्याच लाइनीनं कामाला जायची. “सेंट्रलला बदलावी लागते.”

“हे बघ! म्हणूनच म्हटलं ना, कुणाचा विश्वास बसणार नाही?”

त्यानंतर आली घूस. इमारतीच्या पाण्याच्या टाकीपाशी पोडीने एकटीनं लोळवलेली घूस, आकाराने सेक्रेटरी कृष्णस्वामींच्या स्कूटरएवढी. कृष्णस्वामी तमिळ, पण तीस वर्षं शेजारी राहून त्यांना मराठी समजायची, आणि चिडले की बोलताही यायची.

“माझ्या स्कूटरएवढी? पोय्! सगळं पोय्, खोटं! तुमच्या मांजरानं माझ्या सीटला नखं लावली, ते सांगा की!”

“घुशीशी झटापट झाली तेव्हाची नखं ती, सार. सांभाळून ठेवा. वीराची खूण आहे.”

सगळे हसले. रंजनी हसता हसता सुंडल नाकात जाऊन ठसकली. धनलक्ष्मीबाई पाण्याचा लोटा घेऊन आल्या, तिच्या पाठीवर थापटत राहिल्या आणि त्यांना एकाएकी रडूच कोसळेल असं झालं. पोडी झुरळाला भ्यायची. झुरळ दिसलं की शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुलवून तांदळाच्या डब्यामागे जाऊन बसायची आणि धनलक्ष्मीबाईंनी झुरळ मारलं तरी बाहेर यायची नाही. दहीभात बोटावरून खायची. ताटलीत घातला की नुसता हुंगून बघायची. इडलीपात्राचं झाकण उलटं पडलेलं असलं की त्यात वळकटी करून निजायची. यात हसण्यासारखं किंवा टाळ्या वाजवण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण ती पोडी होती. ही घूस मारणारी, गुलाबी फीतवाली भवानी कोण, ते धनलक्ष्मीबाईंना ठाऊक नव्हतं.

“तुम्ही जरा गप्प बसाल का?” सगळे गेल्यावर त्यांनी द्रोण गोळा करता करता विचारलं. “मला सांगू द्या ना एकदा.”

“सांग की! कोण अडवतंय?”

“तुम्ही!”

“मी तिला मोठी करतोय, धनम. तू सांगशील की ती झाकणात झोपायची. कोण लक्षात ठेवील? घूस लक्षात राहते.”

“तीच तर मला नकोय लक्षात राहायला!”

तुकोजीरावांनी खांदे उडवले आणि उरलेल्या सुंडलातले काजू वेचायला घेतले.

दुसऱ्या दिवशी धनलक्ष्मीबाईंनी पांढऱ्या मांजरीला पायरीवरच, जागा न सोडता, भिंतीकडे तोंड करून फिरवलं. हलवलं नाही म्हणजे नियम मोडला नाही. संध्याकाळी पाहतात तर मांजर पुन्हा पाहुण्यांकडे तोंड करून बसलेली आणि तुकोजीराव सांगतायत, “बघा, स्वतःहून वळली! हिच्या अंगात पोडी आलीय.” त्या दिवशी पोडी नागाशी लढून मेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वादळात तुटलेली विजेची तार तोंडात धरून, इमारत वाचवून मेली. एकाच पिल्लाला किती वेळा मारावं माणसानं!

वरच्या मजल्यावर श्रावणात नवीन बिऱ्हाड आलं होतं. विद्याधर रेल्वेत, बदलीवर आलेला. बायको नीलम जळगावची. तिला कोलूचं भारी अप्रूप. एक दिवस ती लवकर येऊन स्वयंपाकघरात मदतीला उभी राहिली.

“काकू, काका काहीही सांगतात ना?” खोबरं खवता खवता ती म्हणाली. “मी तर पोडीला पाहिलंच नाही. कशी होती हो?”

धनलक्ष्मीबाईंनी गॅस बारीक केला. पदराला हात पुसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारलं होतं.

“तुला सांगत्ये. मी गेले होते टी. नगरला, अस्तर आणायला. ऊन असं की...”

दाराची घंटा वाजली. रंजनीची आई, तिच्या दोन जावा आणि त्यांच्याबरोबर गाणं म्हणणारी एक मामी. मामीचं गाणं संपता संपेना. नीलमला नवऱ्याचा फोन आला आणि ती द्रोण घेऊन वर गेली. धनलक्ष्मीबाईंच्या ओठांवर ते ऊन तसंच राहिलं.

मग त्यांनी ठरवलं. नवमीला बघू कोण अडवतो ते. सकाळपासून राबून त्यांनी सुंडल उरकलं, विडे बांधून परातीत रचले, कुंकवाचा करंडा, हळद, फुलं, सगळं पायरीशी आणून ठेवलं. आत जायला कारणच उरलं नाही. संध्याकाळी नीलम आणि विद्याधर आले, रंजनी आली, कृष्णस्वामीही स्कूटरचं कुलूप दोनदा तपासून आले. धनलक्ष्मीबाईंनी सगळ्यांना कुंकू लावलं, द्रोण दिले, आणि नव्या साडीची पर्वा न करता जमिनीवर मांडी ठोकून बसल्या.

तुकोजीराव जरा चपापले. बायको अशी ठाण मांडून बसलेली त्यांनी कोलूत कधी पाहिली नव्हती.

“काकू, तुम्ही त्या दिवशी सांगत होतात,” नीलमनंच काढलं. “पोडी खरंच कशी गेली? नाग नको, तार नको. खरं सांगा.”

धनलक्ष्मीबाईंनी श्वास घेतला. कुठून सुरुवात करावी? त्या दुपारपासून करावी. पोडीला दोन दिवस उलट्या होत होत्या. डॉक्टरनं सलाईन लावून घरी पाठवलेलं. तुकोजीरावांचे कारखान्यातले जुने सोबती आवडीला जमणार होते, बिर्याणीचा बेत होता. ते दाराशी घुटमळले तेव्हा धनलक्ष्मीबाईच म्हणाल्या होत्या, जा तुम्ही, मी आहे ना. संध्याकाळी ते परत आले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यांनी चपला न काढता सगळं ऐकून घेतलं होतं. शब्द न् शब्द. एक थाप मारली नव्हती. मग खाली जाऊन त्यांनीच नंदीवर्धनाच्या झाडाखाली खड्डा खणला होता.

हे सगळं एका दमात सांगता येईना म्हणून त्या क्षणभर थांबल्या, आणि तेवढ्या क्षणात खुर्चीतून आवाज आला.

“नाग नव्हता, नीलम,” तुकोजीराव म्हणाले. आवाज खाली आणलेला. खुर्चीवर हात मारला नाही, पैज लावली नाही. “ताप होता. दुपारची वेळ. मी मांडीवर घेऊन बसलो होतो. ड्रॉपरनं शहाळ्याचं पाणी घालत होतो. एक थेंब आत जायचा, दोन बाहेर यायचे.”

कृष्णस्वामींनी द्रोण खाली ठेवला.

“मग तिनं पाणी घ्यायचं सोडलं. माझा तळहात असा उघडा होता, तर तिनं नाक त्याच्या घडीत खुपसलं. गार नाक. मला वाटलं, झोपतेय. खालून भाजीवाला ओरडत गेला, तिचा एक कान हलला. तेवढाच. नंतर मी बराच वेळ हात हलवला नाही, जाग येईल म्हणून.”

नीलमच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. रंजनीनं ओढणी तोंडाशी धरली. विद्याधर पांढऱ्या मातीच्या मांजरीकडे असा बघत होता, की जणू ती आत्ताच गेली. आणि कृष्णस्वामी, तीस वर्षं पोय्-पोय् करणारे कृष्णस्वामी, चष्मा काढून वेष्टीच्या टोकानं पुसत पुटपुटले, “हे खरं. हे मात्र खरं.”

धनलक्ष्मीबाईंचे कान तापले. शहाळं त्यांचं. घडी त्यांच्या हाताची. भाजीवाला त्यांनी ऐकला होता, हात त्यांनी हलवला नव्हता, मुंग्या आल्या तरी. नाग नवऱ्याला दिला त्यांनी, तार दिली, घूस दिली, स्कूटरएवढी! सगळं सोसलं. उरली होती एवढी एकच दुपार.

“काका,” नीलम हुंदका आवरत म्हणाली, “तुम्ही किती...”

“खोटं!” धनलक्ष्मीबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की पायरीवरच्या बाहुल्या थरथरल्या. “साफ खोटं! हे तेव्हा आवडीला बसून बिर्याणी खात होते. ती माझ्या मांडीवर गेली!”