तो गेला

पिठाच्या डब्याचं झाकण खडखडलं. तोवर घर अगदी गप्प होतं. माझी लेक सिया कार्पेटवर पालथी पडून रंगवत होती, आई टेबलाशी मेथी निवडत होत्या आणि मी सिंकमधल्या भांड्यांकडे नुसती बघत उभी होते. फोन मीच त्या झाकणावर ठेवला होता, थरथरला की ऐकू यावा म्हणून.

शनिवार, सव्वादोन वाजले होते. साकेतचा मेसेज रोज संध्याकाळी सहाला यायचा. चार दिवस एकदाही चुकला नव्हता, एकदाही लवकर आला नव्हता.

माझा नवरा साकेत आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, ऑरेंज नदीवर मासे धरायला गेले होते. एका काठाला दक्षिण आफ्रिका, दुसऱ्या काठाला नामिबिया, आणि दोन्हीकडे नुसतं वाळवंट. बाबांना सत्तर वर्षं पूर्ण झाली, त्याची ही भेट. इथल्या, इंग्लंडमधल्या हॅम्पशरच्या थंडगार, काचेसारख्या नद्यांवर गमबूट घालून उभं राहण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. एकदा तरी उन्हात, शॉर्ट्स घालून मासा धरायचा होता. गाइडबरोबर कॅनोतून आठवडाभर नदीच्या ओघाने खाली जायचं, रात्री वाळूवर तंबू ठोकायचा. फोनला रेंज नाही. साकेतकडे एक छोटं यंत्र होतं, त्यावरून सॅटेलाइटने चार ओळी पाठवता यायच्या, तेवढंच.

मी फोन उचलला.

"कॅनो उलटला. बाबाचा हात सुटला. तो गेला. मी ठीक. बॅटरी लो. संध्याकाळी फोन."

इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. साकेत साउथहॅम्प्टनला जन्मला, तिथेच वाढला, ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलतो. पण मला लिहायचं तर मराठीतच, हा त्याचा लग्नाआधीपासूनचा हट्ट. त्याच्या मराठीत खुर्ची तुटतो, नळ गळते आणि बाबा झोपतो. "झोपतात," असं आई गेली पस्तीस वर्षं दुरुस्त करताहेत. मला ते गोड वाटायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

तो गेला.

दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर वडिलांबद्दल 'ते गेले' लिहिलं असतं, आणि 'तो' म्हणजे बाबा नव्हेत हे मला लगेच कळलं असतं. साकेतचा 'तो' म्हणजे काहीही. कॅनो. टोपी. कॅमेरा. बाबा.

"साकेतचा का गं?" आईंनी मान वर न करता विचारलं.

"हो."

"आज लवकर? काय म्हणतो?"

"ठीक आहे म्हणतो."

"आणि हे?"

त्यांनी नवऱ्याचं नाव कधी घेतल्याचं मला आठवत नाही. कौन्सिलच्या फॉर्मवरसुद्धा त्या 'मिस्टर' म्हणून पुढे बोट दाखवतात.

"ठीक आहेत," मी म्हटलं. "दोघंही."

सांगायला हवं होतं का? काय सांगणार होते? तुमच्या मुलाचं व्याकरण कच्चं आहे, त्यामुळे तुम्ही विधवा झालात की नाही ते मला कळत नाहीये?

मी "कोण गेला?" असं उलट लिहून पाठवलं. मग "बाबा कुठे आहेत?" मग इंग्रजीत, "इज बाबा अलाइव्ह?" तिन्हींपुढे ते गोल फिरणारं चिन्ह फिरत राहिलं.

फ्रिजवर ट्रिपवाल्या कंपनीचा कागद लावला होता. तो काढून मी मागच्या दारातून बागेत गेले. दोरीवर सकाळचे कपडे तसेच ओले होते. तातडीचा नंबर तिसऱ्या वेळी लागला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. आमच्याकडे कुठलीही दुर्घटना कळवलेली नाही, मॅडम. गाइड सूर्यास्ताच्या वेळी मुक्कामावरून सॅटेलाइट फोन करतात. तुमच्या पाच-साडेपाचच्या सुमारास. तोवर त्यांचा फोन बंद असतो. मी त्याला मेसेज वाचून दाखवला, भाषांतर करून. "ही इज गॉन," असं म्हणताना माझी जीभ अडखळली, कारण इंग्रजीत 'तो' म्हटलं की तो माणूसच होतो.

"आय अंडरस्टँड," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला सभ्यपणा जरा बदलला. "मी प्रयत्न करतो. तुम्ही लाइन मोकळी ठेवा."

आत आले तर आई फोनवर होत्या. लेस्टरच्या त्यांच्या बहिणीशी.

"छान आहेत गं, आत्ताच मेसेज आला. ईशिताने वाचला ना. अडतीस डिग्री ऊन आहे म्हणे. टोपी घालतात की नाही देव जाणे... हो, हो, मजेत आहेत."

माझं एक वाक्य लेस्टरला पोचलं होतं. आता ते परत कसं आणणार?

"ईशिता, मासा मिळाला का विचारतेय सीमा."

"मिळाला," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"केवढा?"

"मोठा."

"अगं, पण केवढा? साकेतने लिहिलं असेल ना!"

"सियाएवढा."

सिया रंग टाकून उठली. "माझ्याएवढा? आजोबाने माझ्याएवढी मासा पकडली?"

"पकडला," आई फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि आजोबांनी. मासा तो, आणि आजोबा ते."

"ते म्हणजे खूप लोक."

"ते म्हणजे मोठी माणसं. एकटी असली तरी."

सियाने मोठा कागद घेतला. कागदभर मासा काढला, शेजारी टोपीतले आजोबा, दोघं एकाच उंचीचे, दोघंही हसताहेत. मी तिच्या बाजूला बसले, तिच्या केसांत नाक खुपसलं. क्रेयॉन आणि टोस्टचा वास. मनात म्हटलं, तू असंच काढत राहा, राणी, साडेपाचपर्यंत फक्त काढत राहा.

चार वाजता आईंनी बाबांची नवी चप्पल पिशवीतून काढून दाखवली. सेलमध्ये मिळाली, आठ नंबर, परत आले की घालतील. मी चपलेचा पट्टा बोटाने सरळ केला, पुन्हा पुन्हा. बाबांना पोहता येत नाही. लाइफ जॅकेट असतं, गाइड असतो, पाणी कमरेएवढं असतं, हे सगळं त्यांनीच मला बेसिंगस्टोक स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर समजावलं होतं, कारण मी विचारलं होतं. आईंनी विचारलं नव्हतं. आई म्हणाल्या होत्या, "तू आहेस ना बरोबर, साकेत. मग झालं."

"तू आज काही खाल्लं नाहीस," आई म्हणाल्या.

"भूक नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मेथी धुवायला उठल्या. नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या.

"ईशिता," त्या म्हणाल्या, "मासा सियाएवढा नसतो गं. चाळीस वर्षं मी ह्यांचे मासे ऐकतेय. सियाएवढा मासा मिळाला असता तर आधी मला कळवलं असतं, मग तुला."

मी चप्पल पिशवीत परत ठेवली.

"वाचून दाखव. आहे तसं."

मी वाचलं. त्यांनी नळ बंद केला. ओल्या हातांनी फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, स्वतः वाचला.

"साकेतला 'ते' येत नाही," त्या म्हणाल्या. "मीच कमी पडले. घरात बोलताना त्याला मजा वाटायची, मला हसू यायचं."

"आई, कॅनो असेल. गळाची काठी असेल."

"काठी ती." मग त्यांनाच आठवलं, त्यांच्या मुलाच्या तोंडी काठीसुद्धा 'तो'च. त्या खुर्चीवर बसल्या आणि मेथीची एकेक काडी पुन्हा निवडू लागल्या. निवडलेलीच.

पाच वाजले. साडेपाच. पावणेसहाला फोन वाजला तेव्हा आम्ही दोघींनी एकदम हात घातला.

"सूनबाई! अगं काय मासा होता!"

बाबा. आवाज मध्येच तुटत होता, पण बाबाच. आईंनी तोंडावर पदर धरावा तसा ओला टॉवेल धरला. मी फोन स्पीकरवर टाकला.

"दोन्ही हातांत मावेना! मी उभा राहिलो, तिथेच चुकलं. कॅनो आडवी, आम्ही पाण्यात आणि तो गेला. रॉडसकट!"

"उभं राहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" आई ओरडल्या. "सत्तर वर्षांचे ना तुम्ही? टोपी कुठाय?"

"टोपीपण गेली."

"जाऊ दे टोपी! अहो, घरी या!" आणि मग त्यांना पुढे बोलता येईना. त्या हसत होत्या की काय करत होत्या कळत नव्हतं. सिया त्यांच्या मांडीवर चढून त्यांचे गाल पुसायला लागली.

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. "ईशू," साकेत म्हणाला. "स्पीकर बंद कर ना."

मी जिन्यात जाऊन बसले, दार लोटून.

"तुझा मेसेज वाचून आमचं काय झालं माहितीये?" मी म्हटलं. "तो गेला! कोण गेला?"

"मासा. मला वाटलं कळेल. अंगठ्याने टाइप करत होतो, बॅटरी जात होती." पलीकडे वारा ऐकू येत होता. "पण दुसरं वाक्य खरं आहे."

"कुठलं?"

"मी त्यांचा हात पकडला होता. पाण्यात." त्यांचा, असं म्हणाला. पहिल्यांदा ऐकलं मी त्याच्या तोंडून. "करंट खूप जोरात होता. माझा एक हात खडकावर. दोन्ही नाही धरता येत होते, ईशू. खडक की बाबा. मग हात... ते खाली गेले, थर्टी, फोर्टी मीटर, डोकं दिसत नव्हतं. गाइडने लव्हाळ्यातून बाहेर काढलं."

"पण काढलं ना. ठीक आहेत ना."

"त्यांना वाटतं हात सुटला. ते हसतात, सगळ्यांना सांगतात, सुटला. मीही तेच लिहिलं." तो इंग्रजीत गेला आणि परत आला. "आपण मासा धरतो, फोटो काढतो, मग पाण्यात सोडतो. तो सोडला. आणि आपोआप जातो तो सुटला. राइट? मला माहीत नाही मी कुठलं केलं. रिअली, मला आठवत नाही."

"साकेत, तू घाबरला होतास."

"अजून तीन दिवस नदी आहे. मध्ये रस्ता नाही. आईला नको सांगू."

लाइन कटली. मी फोन मांडीवर धरून बसून राहिले. स्वयंपाकघरातून आईंचा आवाज येत होता, लेस्टरला पुन्हा लावला होता: "अगं, बुडालेच होते! पण साकेत होता ना बरोबर!"

वरच्या पायरीवर काहीतरी हललं. सिया. माझ्याआधीच जिना चढून गेली होती की काय, किती ऐकलं, देव जाणे; फोनचा स्पीकर बंद करायला मी विसरलेच होते. हातात तो माशाचा कागद होता. ती एकेक पायरी बसत बसत खाली आली, माझ्या दंडाला चिकटली आणि माझी बोटं आपल्या मुठीत घेतली.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबाने आजोबांचा हात सोडला का?"