मार्लबेकची सहल

आमच्या विदरकोट गावात रविवारी पायी फिरायला जाणाऱ्यांचं एक मंडळ आहे आणि मंडळाची शिट्टी ऑब्री ट्रँटरच्या गळ्यात असते. शिट्टी ज्याच्या गळ्यात तो म्होरक्या. बाकीच्यांनी त्याच्यामागून चालायचं आणि चिखलाला नावं ठेवायची. ती शिट्टी मला हवी होती, उगाच आढेवेढे कशाला घेऊ? मला नकाशा वाचता येतो. ऑब्रीला चष्मा लावूनही येत नाही.

मागच्या खेपेला त्याने आम्हाला शेजारच्या मार्लबेकऐवजी कुणाच्या तरी डुकरांच्या आवारात नेऊन सोडलं. तेव्हा मंडळाच्या चिटणीस डिलिसबाई माझ्या कानाशी लागल्या. "हेस्टर, पुन्हा वाट चुकला ना, तर शिट्टी तुझी. फक्त कुणीतरी तसं उघड म्हणायला हवं."

म्हणून या रविवारी मी लवकर उठून कपडे दोरीवर टाकले, पडिंगला, म्हणजे माझ्या कुत्र्याला, अंगणात सोडलं आणि खुशीत निघाले.

टेकडीवर दाट धुकं होतं. मेंढ्यांच्या कुरणाच्या टोकाला कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्या आहेत, तिथून उजवीकडे गेलं की मार्लबेक. ऑब्री ऐटीत डावीकडे वळला. मी डिलिसबाईंकडे पाहिलं, त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मी बोलले असते, तर सगळे म्हणाले असते, बघा, शिट्टीवर कशी टपून बसलीय बया! आणि बाकीचे बोलणार कसे? पुढे चालणाऱ्याला 'अहो, तुम्ही चुकलात' असं तोंडावर सांगणं म्हणजे आमच्याकडे चारचौघांत त्याची विजार ओढण्यासारखं. तेव्हा सगळे मूग गिळून चालत राहिलो.

धुकं विरलं तेव्हा आम्ही एका चर्चच्या मागच्या भिंतीशी उभे होतो. ऑब्रीने जोरात शिट्टी फुंकली. "मंडळी, हे आलं मार्लबेक!"

मार्लबेक कसलं, कप्पाळ! ते आमचंच विदरकोट होतं. आम्ही मागच्या बाजूने शिरलो होतो, एवढंच.

आता कुणीतरी हसेल म्हणून मी वाट पाहिली. छे!

"किती सुंदर!" डिलिसबाई म्हणाल्या. बाईंचं लग्न त्याच चर्चमध्ये लागलं होतं. "आपल्या चर्चसारखंच वाटतं, नाही?"

"आपलं जरा मोठं आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

ऑब्रीने त्या ओळखीच्या वाकड्या कळसाकडे नीट पाहिलं. त्याने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि "चला पुढे," म्हणून तो चालू लागला.

पुढे माझं घर.

"काय बाई तरी!" डिलिसबाई थबकल्या. "असल्या गुलाबी चड्ड्या रस्त्यावरून दिसतील अशा वाळत घालतं का कुणी?"

"असेल कुणी गबाळी," मी दातओठ खात म्हणाले.

तेवढ्यात पडिंग फाटकावरून उडी मारून आला आणि माझं तोंड चाटायला लागला. त्या मुक्या जिवाला कुणी रीतभात शिकवलेली नाही.

"इथली कुत्री फार माणसाळलेली हं," ऑब्री म्हणाला.

जेवायला आम्ही 'तीन बदकं' या पबमध्ये गेलो. रोज संध्याकाळी जातो तिथेच. मालक नॉर्मन आम्हाला बघून म्हणाला, "काय ऑब्री, आज इतक्या लवकर..."

"नमस्कार!" डिलिसबाईंनी त्याला मध्येच तोडलं. "आम्ही विदरकोटहून आलोय."

नॉर्मनने एकेकाचं तोंड न्याहाळलं. "हो का? बरेच लांबून आलात की. पहिल्यांदाच येताय?" लबाड मेला!

मटण ताटात आल्यावर डिलिसबाई माझ्याकडे वळल्या. "मग हेस्टर? तुझा नकाशा काय म्हणतो? बरोबर आलो ना आपण?"

सगळ्यांचे काटे-चमचे हवेत थांबले. एक शब्द बोलले की शिट्टी माझी. मी ऑब्रीकडे पाहिलं. तो बिअरच्या ग्लासात बघत होता. कान लालबुंद झाले होते आणि शिट्टी मुठीत गच्च धरली होती, शाळेत एखाद्या पोराचं खेळणं काढून घेणार असावेत तशी.

"अगदी बरोबर," मी म्हणाले. "मार्लबेकच आहे हे."

मग ऑब्रीने घसा खाकरला. "माझे गुडघे काही परतीचं ऐकायचे नाहीत. मला सोडेल कुणीतरी गाडीने. हेस्टर, यांना घरी नेशील?"

घरी? डिलिसबाईंचं घर पबच्या खिडकीतून दिसत होतं! पण आता माघार कशी घेणार? मी सगळ्यांना गावाबाहेर काढलं, त्या पायऱ्यांपर्यंत नेलं आणि पुढच्या बाजूने परत आणलं. वाटेत पावसाने झोडपून काढलं. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट वेशीवर डिलिसबाई मला म्हणाल्या, "मार्लबेक छान होतं, पण आपलं गाव ते आपलं गाव."

घरी आले ती कपड्यांच्या नावाने बोटं मोडतच. बघते तर दोरी रिकामी. ओसरीच्या बाकावर सगळे कपडे कोरडे ठणठणीत, घड्या घालून ठेवलेले. गुलाबी चड्ड्या सभ्यपणे टॉवेलखाली झाकलेल्या. शेजारी पडिंग घोरत होता.

आणि टॉवेलवर ऑब्रीची शिट्टी.

मेला म्हातारा! मला रडूच कोसळलं.