कॅप्सूलचं कवच

ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही करायला श्रीपालनी पेन उचललं, तसा त्यांच्या बायकोचा, राजमतीचा हात पुढं आला आणि मागं गेला.

निपाणीहून मुलगा श्रेयांस दोघांना बेळगावच्या दवाखान्यात घेऊन आला होता. डॉक्टर हुक्केरी समजावत होते, "जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती गुंडाळायचा, म्हणजे आम्ल वर चढत नाही. सुरुवातीला गिळायला त्रास होतो, पोट फुगतं. काहींना पुढे गोळ्याही लागतात. औषधानं भागलं असतं तर मी हे सुचवलं नसतं. पहिले सहा महिने कॅप्सूलनं आराम होता. नंतर वर्षभर डोस वाढवूनही जळजळ तशीच."

"जन्मभर गोळ्या गिळण्यापेक्षा एकदाच उरकू या, आप्पा," श्रेयांस म्हणाला.

वर्षापूर्वी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्यावर राजमतीला कळलं होतं, कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात. श्रीपालना सांगावं, तर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून उपवास धरले असते आणि रिकाम्या पोटी तळमळले असते. म्हणून तिनं गुपचूप कवच फेकलं, आतले दाणे खलात कुटले आणि दुधातून दिले. गिळताना ठसका लागतो, एवढंच त्यांना सांगितलं.

पेन कागदाला टेकलं.

"थांबा! डॉक्टर, कॅप्सूलातले दाणे कुटलं तर चालतंय न्हवं?" राजमतीनं विचारलं.

"कुटले?" हुक्केरी पुढं वाकले. "दाण्यांवरच्या थरामुळंच औषध आम्लातून वाचतं. कुटलं की बरंचसं वाया गेलं. किती दिवस?"

"वर्ष झालं."

"ठसक्यापायी एवढं?" श्रीपालनी विचारलं.

हो म्हणून सुटता आलं असतं.

"न्हाय. कवच जिलेटिनचं असतंय, जनावरांच्या हाडाकातड्याचं. सांगितलं असतं तर उपाशी बसला असता तुम्ही."

श्रीपालचा चेहरा उतरला. "म्हंजे त्याआधी सहा महिनं मी..."

"खाल्लासा."

डॉक्टरांनी पेन काढून घेतलं. "दोन महिने कॅप्सूलऐवजी साधी गोळी. अख्खी, न्याहारीआधी अर्धा तास. तरी फरक नाही पडला, तर तपासण्या करून पुन्हा ऑपरेशनचं बघू."

"प्रायश्चित्त मात्र मी घेणार," श्रीपाल ताठ बसले.

"घ्या की. पण मौनाचं घ्या. उपास धरलासा तर मी बी जेवणार न्हाय."

"आप्पा आणि मौन?" श्रेयांसला हसू आवरेना.

श्रीपालनी बायकोकडं रोखून बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. मग पेन परत मागून घेतलं, सही न केलेला कागद उलटा केला आणि मागं लिहून डॉक्टरांपुढं सरकवला : ही गोळी कशाची करतात?